मूळ संपेपर्यंत थांबा

झोपाळ्याला झेंडूच्या माळा लावायच्या की निशिगंधाच्या, यावर त्या सकाळी कवठेकरांच्या घरात चहा थंड होईपर्यंत खल चालला होता. अमरावतीच्या रुक्मिणीनगरातलं हे घर. दारावर पितळी पाटी: अॅड. हरिहर कवठेकर. तिच्याखाली, जरा लहान अक्षरांत, अॅड. शुभंकर कवठेकर. थोरल्या कवठेकरांचा कोर्टात दबदबा असा, की साक्षीदार थापा मारायला लागला की ते चष्मा काढून त्याच्याकडे नुसते बघायचे आणि माणूस आपोआप अडखळायचा. पुराव्याशिवाय त्यांनी आयुष्यात काही मानलं नाही, असं त्यांचे ज्युनिअर अभिमानानं सांगत. हा बाणा कोर्टाच्या फाटकापर्यंतच टिके. घरात शिरताना ते चपला जिथे काढत, तिथेच तोही काढून ठेवत. आत पंचांग बोले आणि वकीलसाहेब मान खाली घालून ऐकत.

त्यांची सून रागिणी वेताच्या खुर्चीत कंबरेमागे उशी घेऊन बसली होती. सातवा महिना सरत आला होता आणि पोटात जुळं होतं. तिनं चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"आई, कंबर पहाटेपासून दुखतेय. येते आणि जाते. पोटही मधूनमधून कडक होतंय. आणि जरा ओलं ओलं वाटतंय."

अनुपमाबाईंनी झेंडूची बाजू सोडली नाही. निवृत्त मुख्याध्यापिका होत्या त्या. शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि प्रजननाचा धडा आला की, "हा घरी वाचा," म्हणून पान उलटायच्या.

"जुळं आहे गं. पोट ताणणारच. सातव्यात सगळ्यांना असं होतं. आज एवढा दिवस हसून काढ, मग झोप हवी तितकी."

आज एवढा दिवस म्हणजे अकोल्याचं डोहाळजेवण. कवठेकरांच्या समाजाचं मंगल कार्यालय अकोल्याला होतं आणि समाजाच्या अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर आली होती. हरिहररावांना अध्यक्ष व्हायचं होतं. 'कवठेकरांकडे जुळं' ही बातमी त्यांनी घरोघर स्वतः सांगितली होती. सुनेच्या पोटाचा असा प्रचाराला उपयोग होईल हे लग्नाच्या वेळी त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. तेव्हा ते फक्त मोठ्या मनानं तयार झाले होते. रागिणी शेंदूरजनाघाटच्या ओमप्रकाश बेलसरे यांची मुलगी. बापाच्या संत्र्याच्या बागा, स्वतः अकोल्याला शिकलेली कृषी पदवीधर. शुभंकरनं तिला पसंत केलं आणि वकीलसाहेबांनी होकार दिला. त्या मोठ्या मनाची आठवण ते आल्यागेल्याला अजून करून देत. "आम्ही जातपात बघितली नाही," असं म्हणताना ते नेमके तिच्याकडे बघत.

रागिणीनं नवऱ्याकडे पाहिलं. डॉक्टर साधनांच्या दवाखान्यात गेल्या भेटीला तोही शेजारी बसला होता. डॉक्टरांनी सोनोग्राफी समोर धरून सावकाश समजावलं होतं. "जुळ्यात गर्भाशय लवकर ताणलं जातं, त्यामुळे कळा दिवस भरायच्या आधीच सुरू व्हायची भीती असते. तुमच्या गर्भाशयाचं तोंड आताच आखूड झालेलं दिसतंय. पलंगाला खिळून राहायची गरज नाही, घरात हिंडा-फिरा. पण लांबचा प्रवास नको, तासन्‌तास बसणं-उभं राहणं नको. आणि हे पाठ करा. पोट थांबून थांबून दगडासारखं होणं, कंबर येऊन-जाऊन दुखणं, खाली दाब वाटणं, पाणी किंवा रक्त जाणं. यातलं एकही झालं, की घरात कुणाला विचारत बसायचं नाही. निघून यायचं. फार दुखत नसलं तरी यायचं."

शुभंकरनं तेव्हा मान डोलावली होती. मान डोलावणं त्याला फार सुंदर जमायचं. वडिलांसमोर उभं राहून राहून त्यानं ती कला कमावली होती.

"शुभंकर, आपण आधी साधना मॅडमकडे जाऊन मग—"

"अगं, लोक निघालेत अकोल्याला," तो हळू आवाजात म्हणाला. "एका दिवसाचा प्रश्न आहे. बाबांनी किती तयारी केलीय."

"डॉक्टरांचं काय ऐकता," हरिहरराव वर्तमानपत्रामागून बोलले. "घाबरवणं हा त्यांचा धंदा आहे. आणि समजा झालंच लवकर, तर सातव्यातलं मूल जगतं. आठव्यातलं जगत नाही. हे आपल्या आजीला ठाऊक होतं, त्याला सोनोग्राफी लागली नव्हती."

पोटात एकेक आठवडा जास्त राहिलेलं बाळ त्या आठवड्यानं जास्त तयार होतं, सातव्यापेक्षा आठव्यातलं जगण्याची आशा नेहमीच जास्त, हे रागिणी त्यांना सांगू शकली असती. सांगितलं नाही. तीन वर्षांत तिला कळलं होतं की या घरात तिचं शिक्षण पाहुण्यांना दाखवायला होतं, वापरायला नव्हतं. ती उठली. हिरवी साडी नेसली. याबद्दल पुढे तिला स्वतःचाही राग आला, पण तो नंतर.

अकोल्याचा रस्ता तिनं डाव्या कुशीवर, मागच्या सीटवर मुटकुळं करून काढला. मूर्तिजापूर येईतो दोनदा पोट आवळलं. तिनं पुढच्या सीटवरच्या शुभंकरच्या खांद्याला हात लावला. त्यानं तो हात थोपटला आणि गाण्याचा आवाज वाढवला, तिचं मन रमावं म्हणून.

कार्यालय फुलून गेलं होतं. झेंडू जिंकला होता. झोपाळ्यामागे थर्माकोलचा चंद्र, त्यावर दोन थर्माकोलची बाळं, दोन्ही निळ्या कपड्यांत. रागिणीला फुलांचे दागिने घातले गेले: मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा. कंबरपट्टा बसेना तेव्हा दोघींनी तो ओढून बसवला आणि त्यावर सगळ्या खळखळून हसल्या. मग गाणी. मग फोटो. कॅमेरावाला म्हणेल तसं पोटावर हात ठेवून, मान कलती करून, लाजून. एका बाईनं चेहऱ्यावर इतका वेळ लाज टिकवणं हे किती कष्टाचं काम आहे, याची त्या गर्दीत कुणाला कल्पना नव्हती.

पेढा की बर्फी हा खेळ झाला. चार झाकलेल्या वाट्या ठेवल्या होत्या, दोन बाळांसाठी दोन उचलायच्या. पेढा म्हणजे मुलगा. रागिणीनं एक उचलली: पेढा. दुसरी उचलली: पेढा. टाळ्यांचा कडकडाट झाला. तिनं सहज तिसरीचं झाकण काढलं. तिच्यातही पेढाच होता. चौथीकडे हात नेला तेव्हा अनुपमाबाईंनी हसत हसत तिचं मनगट धरलं. "पुरे गं. फोटो झाला." बर्फी कार्यालयात आणलीच नव्हती.

तिच्या माहेरची माणसं तोवर आली होती. भाऊ मनोज पिकअप घेऊन आला होता. मागे पाहुण्यांना वाटायला संत्र्यांचे क्रेट, पुढे ओमप्रकाश आणि सत्यवती. त्यांना मागच्या रांगेत, पंख्याची हवा पोचत नाही तिथल्या खुर्च्या दिल्या होत्या. मुलीकडची माणसं. त्यांनी यायचं, द्यायचं, वाकायचं आणि जेवून जायचं. बेलसरे शेंदूरजन्यात चार माणसांत मान असलेला माणूस होता, पण मुलीच्या सासरी आला की टोपी हातात घेऊन बसायचा. त्याच्या बापानं तसंच केलं होतं.

सत्यवती ओटी भरायला झोपाळ्याजवळ आली. तिनं लेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि तांदळाची ओंजळ तशीच हातात राहिली.

"काहून वं, ओठ काहून पांढरे पडले? कंबर दुखून राह्यली का?"

"दुखून राह्यली, माय. थांबून थांबून. सकाळपासून."

सत्यवतीनं हिरव्या साडीवरून पोटावर हात ठेवला. तेवढ्यात ते आवळलं. हात ठेवलेल्या जागी नुसता दगड. ती ओटी तशीच पाटावर टाकून विहिणीकडे गेली. "ताई, पोरीचं पोट घट्ट होऊन राह्यलं. दवाखान्यात दाखवून आणू."

"विहीणबाई, तुम्ही उगाच घाबरता," अनुपमाबाई गोड हसल्या. ज्यांना आपण खालचं समजतो त्यांच्यासाठी राखून ठेवलेलं हसू होतं ते. "आरती राहिली आहे फक्त. तुमच्याकडे शेतात कामं करणाऱ्या बायका नाही का बाळंत होत?"

"होतेत," सत्यवती म्हणाली. "अन् मरतेतही."

आरतीसाठी रागिणीला उठवलं. ती उठली आणि पायांवरून काहीतरी कोमट ओघळलं. घोट्यापर्यंत. पाटावर ओल पसरली. जवळच्या बाईनं ती पाहिली आणि सभ्यपणे दुसरीकडे बघितलं.

बाजूच्या खोलीत अनुपमाबाईंनी परकर बघितला. विज्ञानाच्या बाई होत्या, त्यांना कळलं. त्यांचा चेहरा क्षणभर मुख्याध्यापिकेचा राहिला नाही. त्या घाईनं बाहेर गेल्या आणि नवऱ्याला घेऊन आल्या. हरिहरराव पडद्याबाहेरच थांबले. बाळंतिणीच्या गोष्टी पुरुषानं आत येऊन बघू नयेत. त्यांचे निर्णय मात्र बाहेरून द्यावेत.

"पाणी गेलंय," अनुपमाबाई म्हणाल्या.

पडद्याच्या फटीतून ते दिसत होते. वकीलसाहेब फोनमध्ये बघत होते. सत्यवतीला वाटलं, डॉक्टरचा नंबर शोधतायत.

"मूळ लागलंय," ते म्हणाले. "सकाळीच लागलं. उद्या दुपारपर्यंत आहे."

"म्हंजे?" सत्यवतीनं विचारलं.

"म्हणजे मूळ नक्षत्र. दवाखान्यात पाऊल टाकलं की ते लगेच पोट कापायला निघतात. एक नाही, दोन मुलं मुळावर यायची! मुळावर जन्मलेलं मूल बापाच्या जिवावर उठतं, शास्त्र आहे. तिला झोपवून ठेवा. पाय उशीवर घ्या. मूळ संपेपर्यंत थांबा. सगळं नीट होईल."

शुभंकर पडदा सारून आत आला होता. 'बापाच्या जिवावर' हे शब्द ऐकले आणि त्याच्या तोंडावरचा रंग उडाला. रागिणीला क्षणभर वाटलं, आपल्यासाठी. मग तिला कळलं कुणासाठी. लग्नानंतर तिनं त्याला बुजरा म्हटलं होतं, भिडस्त म्हटलं होतं, आईबापाचं मन राखणारा म्हटलं होतं. किती चांगले चांगले शब्द तिनं त्याच्यासाठी खर्च केले होते.

"रागिणी," तो म्हणाला, "बाबा म्हणतायत तर उद्या दुपारपर्यंत—"

तिनं डोक्यावरचा फुलांचा मुकुट काढून खाटेवर ठेवला. सासरी ती जी भाषा बोलत नसे, ती आपोआप तिच्या तोंडी आली.

"मूळ तुमच्या बाबाच्या फोनात हाय. पाणी माह्या पायावर हाय. मी चालली."

पडद्याबाहेर हरिहररावांचा आवाज चढला. "कवठेकरांच्या घरात असं बोलायची पद्धत नाही."

"कवठेकरांच्या घरात लेकरं मरू द्यायची पद्धत हाय का?"

दारात ओमप्रकाश उभा होता, टोपी हातात. त्यानं लेकीकडे पाहिलं, मग वकिलाकडे, आणि जन्मभराची सवय बोलली. "रागू, वकीलसाहेब शिकेल माणूस हायेत. थे म्हणतेत तं जराशीक..."

"तुमी थांबा," सत्यवती त्याला म्हणाली. "तुमाले कोनी धरलं नाई. माह्यी पोरगी चालली अन् मी तिच्यासंगं चालली. मनोज! गाडी काढ."

ओमप्रकाशनं टोपी डोक्यावर घातली. तेवढंच केलं त्यानं. पण मग तो पुढे झाला आणि लेकीचा दुसरा दंड त्यानं धरला.

हरिहरराव आडवे आले. आपल्या सुनेला थांबवायला ते एकच वाक्य बोलले, आणि त्या वाक्यात ते आख्खे होते. "निदान मागच्या दारानं जा, समोर लोक जेवतायत."

ती समोरच्याच दारानं गेली. ओल्या साडीनं, फुलांच्या बाजूबंदांसकट, मायबापाच्या खांद्यांवर भार टाकून, पंगतीच्या मधून. माइकवरच्या बाईंनी सूनबाईंना जरा थकवा आल्याचं जाहीर केलं. समाजातली प्रतिष्ठित मंडळी, प्राध्यापक, वकील, एक निवृत्त सिव्हिल इंजिनिअर, सगळ्यांनी पाहिलं. सगळ्यांना काहीतरी गंभीर आहे हे कळलं. मग सगळ्यांनी आपापल्या ताटातल्या मसालेभातात लक्ष घातलं. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट होती आणि भात गरम होता.

मनोजनं क्रेट भराभर उतरवून अंगणात टाकले. रागिणीला पुढच्या सीटवर डाव्या कुशीला कलतं बसवलं, तिची माय तिला धरून चिकटून बसली, बाप मागे चढला. निघता निघता रागिणीनं डॉक्टर साधनांना फोन लावला.

"अमरावतीला येऊ नका," डॉक्टर लगेच म्हणाल्या. "वाटेत काही झालं तर हातात काही राहणार नाही. अकोल्यातच थांबा. ज्या दवाखान्यात कमी दिवसांच्या बाळांना ठेवायची सोय आहे तिथेच जा. सरकारी मोठ्या दवाखान्यात आहे. दारातच सांगा: जुळं आहे, सातवा संपत आलाय, पाणी गेलंय, कळा येतायत. एवढं सांगितलं की तुम्हाला रांगेत कुणी उभं करणार नाही."

कुणी केलं नाही. रागिणी स्ट्रेचरवर होती तोच एका तरुण डॉक्टरीणबाईंनी फुलांचे बाजूबंद कात्रीनं कापून बाजूला टाकले आणि हाताला सलाईन लावलं. बाळांच्या फुप्फुसांना बळ येण्याचं इंजेक्शन, जंतू होऊ नयेत म्हणून औषध, बाळांच्या मेंदूला जपणारं दुसरं औषध, आणि कळा धरून ठेवायला गोळी.

"कळा कायमच्या थांबणार नाहीत," त्या सांगत होत्या. "या औषधानं आपण थोडा वेळ मागून घेतोय. तेवढ्या वेळात पहिल्या इंजेक्शनचा गुण येईल. केव्हापासून दुखतंय?"

"सकाळपासून. ओलंही तेव्हापासूनच."

डॉक्टरीणबाईंचा हात थबकला. "मग सकाळीच का नाही आलात?"

"डोहाळजेवण होतं," रागिणी म्हणाली. तिच्या स्वतःच्याच कानांना तो शब्द ऐकवेना.

औषधांनी दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत धरून ठेवलं. मग कळांनी कुणाचं ऐकलं नाही. आधी मुलगा झाला, पाठोपाठ मुलगी. मुलगी मांजराच्या पिलासारखी का होईना, रडली. मुलगा रडला नाही. त्याला नळी घालून श्वास द्यावा लागला. दोघांनाही आतल्या काचेच्या खोलीत नेलं. दुपार व्हायला अजून वेळ होता. मूळ अजून संपलं नव्हतं.

ते संपल्यावर कवठेकर मंडळी दवाखान्यात आली. हरिहरराव रागिणीच्या खाटेपासून चार हात लांब उभे राहिले. "शेवटी मुळावरच झाली," ते म्हणाले, हरलेला दावा वाचून दाखवावा तसे. शुभंकरच्या हातात तिचे कपडे आणि फळांची पिशवी होती.

"मी बाबांना खूप समजावलं," तो पुटपुटला.

"समजावलं, की स्वतःच समजून घेऊन आलास?"

त्यानं फळांची पिशवी खाटेखाली सरकवली.

"आत जाऊन पाहून ये त्यांना. मुलगा गंभीर आहे. डॉक्टर बापाला सोडतात आत."

शुभंकरनं वडिलांकडे पाहिलं. मुळावरच्या मुलाचं तोंड शांती होईपर्यंत बापानं बघायचं नसतं. सत्तावीस दिवस. असा नियम आहे, आणि नियम कुणी केला हे विचारण्याइतका धीट तो कधीच नव्हता. तो बाहेरच्या बाकावर बसून राहिला. औषधं आणून द्यायचा, डबे आणायचा, सह्या करायचा. काचेच्या खोलीच्या दारापर्यंत येऊन परत फिरायचा. आपला मुलगा कुणासारखा दिसतो हे त्यानं सासूला विचारलं. सत्यवतीनं त्याला काचेच्या खोलीचं दार दाखवलं.

मुलगा काही दिवस झगडला. जंतू त्याच्या रक्तात पसरले होते. ज्या पिशवीचं पाणी आधी फुटलं होतं ती त्याची होती. एका दुपारी नर्सनं रागिणीला आत बोलावलं, नळ्या काढल्या आणि त्याला तिच्या हातात दिलं. तिनं त्याला छातीशी धरलं. त्याची बोटं तिच्या नखाएवढी होती. तो तिच्या अंगावरच थंड झाला.

शुभंकरनं मुलाचं तोंड पाहिलं ते त्यानंतर, पांढऱ्या कापडात. आता बघायला हरकत नव्हती. मेलेलं मूल बापाच्या जिवावर उठत नाही. त्यानं बघितलं आणि तो तिथेच भिंतीला धरून खाली बसला, आणि असा रडला की वॉर्डातल्या बायका उठून बसल्या. रागिणीला त्याची कीव यायला हवी होती. तिनं ती मनात शोधली. मिळाली नाही.

हरिहररावांचे डोळेही पाणावले होते. नातू गेला होता, वंशाचा दिवा गेला होता. "मुळानं नेला," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाई तिथेच कागद भरत होत्या. त्यांनी मान वर केली. "जंतुसंसर्गानं गेला, काका. पाणी फुटल्यावर उशीर झाला की हा धोका वाढतो. आणि दुखायला लागलं त्या सकाळीच आला असतात तर इंजेक्शनलाही जास्त वेळ मिळाला असता. वाचलाच असता असं मी सांगू शकत नाही. त्याच्या बाजूनं मात्र पुष्कळ काही झालं असतं."

"ते वैद्यकीय कारण झालं," हरिहरराव म्हणाले. "मूळ कारण वेगळं आहे."

वकिली बुद्धीचा माणूस. शब्दावर शब्द बसला याचं समाधान त्या घडीलाही त्यांच्या चेहऱ्यावर उमटून गेलं. ते रागिणीनं पाहिलं.

मुलगी उरली होती. तिला आता छातीशी उघड्या अंगाला धरून ठेवायचं होतं, माणसाच्या उबेनं अशी बाळं वाढतात. रागिणी धरायची, ती थकली की सत्यवती. एका दुपारी अनुपमाबाई एकट्याच आल्या. खूप वेळ दारात उभ्या होत्या. साडी चुरगळलेली, नेहमीचा आवाज कुठे तरी हरवलेला.

"मला त्या दिवशी कळलं होतं गं," त्या म्हणाल्या. "परकर बघितला तेव्हाच. मला सगळं कळलं होतं."

"माहीत आहे मला," रागिणी म्हणाली. न कळणाऱ्यांना ती कधीतरी क्षमा करू शकली असती. तिनं सासूच्या तोंडाकडे बघितलं, मग छातीवरच्या पोरीकडे. तिची स्वतःची पाठ भरून आली होती आणि माय गावी गेली होती.

"साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन या. अंगठ्या काढा. आणि धरायचं म्हणजे धरून बसायचं, मध्येच उठायचं नाही."

अनुपमाबाईंनी अंगठ्या काढल्या. त्यानंतर त्या रोज आल्या. नवऱ्यानं नको म्हटलं तरी आल्या. एवढ्यानं त्यांचा गुन्हा धुतला जात नाही. पण पोरीचं वजन वाढलं, आणि रागिणीला त्या दिवसांत एवढाच हिशोब कळत होता.

पोरीला घरी सोडायचा दिवस ठरला तसा हरिहररावांचा निरोप आला: आधी मूळशांती, मग गृहप्रवेश. गुरुजी ठरले आहेत. शांती झाल्याशिवाय मुलीला कवठेकरांच्या उंबऱ्यात घेता येणार नाही. निरोप शुभंकरनंच आणला. रागिणी पोरीला दुपट्यात गुंडाळत होती.

"शांती तिची करायची?" तिनं विचारलं. "तिनं काय केलं? ती तर आली तशी झगडून राह्यली. शांती करायची असन तं तुह्या बाबाची कर. अन् उंबरा राहू दे तुमचा तुमाले. मी शेंदूरजन्याले चालली."

"आणि माझं काय?"

"तुले कोनी अडवलं? पोरगी इथं हाय. तिचं तोंड पाह्य, नाई तं तुह्या पंचांगात तोंड घालून बस. दोन्ही होत नाई."

शुभंकर एक पाऊल पुढे आला. मग त्यानं मान वळवली आणि दुपट्यातलं ते लालसर, सुरकुतलेलं, जांभई देणारं तोंड पाहिलं. सत्तावीस दिवस झाले होते की नव्हते हे त्यानं मोजलं नाही. त्याच्या आयुष्यातला हा पहिला पराक्रम. बेताचा होता आणि फार उशिरा आला होता. तो अजून रविवारी शेंदूरजन्याला येतो, ओसरीवर मुलीला खेळवतो, संध्याकाळी परत जातो. राहायला ये, असं रागिणी त्याला म्हणालेली नाही. हरिहरराव समाजाचे अध्यक्ष झाले, बिनविरोध. हे सांगायलाच हवं, कारण वाचकाला वाटत असेल की त्या दुपारी पंगतीत बसलेल्यांपैकी एखादा तरी उठला असेल.

रागिणी आता बापाच्या बागांचं बघते. आणि शेंदूरजन्यात, वरुडात, आजूबाजूच्या खेड्यांत कुठे जुळं आहे असं कळलं, की बोलावणं असो नसो, मुलीला काखेला मारून तिथे जाते. तोंडाळ म्हणून तिचं नाव झालं आहे. डोहाळजेवणात अभद्र बोलते म्हणून काही घरांत तिला दारातूनच हळदीकुंकू देतात. ती कुंकू लावून घेते आणि आत जाते.

परवा वरुडला गंगूबाईच्या घरी ती अशीच शिरली. गंगूबाईची सून मोनाली, पोटात जुळं, सातवा लागलेला. अंगणात मांडव, झोपाळा, बायकांची गर्दी. रागिणीनं मुलीला एका बाईच्या मांडीवर दिलं आणि सरळ झोपाळ्यापाशी जाऊन जमिनीवर बसली.

"पोट थांबून थांबून घट्ट होते का तुह्यं?" तिनं विचारलं. "कंबर येऊन-जाऊन दुखते का? खाली भार वाटते? पाणी गेल्यासारखं?"

गाणं थांबलं. "अवं, आजच्या दिशी असं काय इचारतं?" गंगूबाई तडकल्या. "चांगलं काई बोल नं बाप्पा."

मोनालीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिचे डोळे सासूकडे गेले.

रागिणीनं तिचा हात आपल्या हातात घेतला. बोटं गार होती.

"तिकडं काहून पाह्यतं?" ती म्हणाली. "पोट तुह्यं हाय. तू सांग."

 मोनालीनं अजून एकदा सासूकडे बघितलं, मग नजर खाली घातली आणि अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"होते, ताई. कालपासून होऊन राह्यलं."